भोगीचा उपास

तळ्याकाठी मी इतक्या लवकर येऊन बसलोय की देवाचीसुद्धा अजून आंघोळ व्हायचीय. अक्षता पडायच्या दुपारी, आणि मी सकाळच्या पहिल्या चहाच्या वाफेबरोबर संमती कट्ट्यासमोर, अक्षता पडतात तिथंच, जागा धरून हजर. खिशात रुमालात बांधलेले हळद-कुंकवाचे तांदूळ आहेत. ते मीच रंगवले, त्यामुळं हळद तांदळापेक्षा बोटांना जास्त लागलीय आणि घरातल्या ओट्याला तर अशी लागलीय की बघणाऱ्याला वाटावं, ओट्याचंच लग्न ठरलंय.

आज भोगी. आमच्या सिद्धरामाच्या गड्ड्याच्या जत्रेतला अक्षतांचा दिवस. अख्खं सोलापूर आज पांढऱ्या कपड्यात इथं लोटणार. एवढी गर्दी होते की मुंगीला मुंगीच्या पाठीवर उभं राहून बघावं लागतं. हे मी वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. माझा जन्म नवी पेठेत चादरी विकण्यात गेला. माझ्या तोंडातली चादर दुकानातल्या चादरीपेक्षा कायम हातभर लांब असायची. ‘ही घ्या, बर्फात झोपलात तरी सकाळी पंखा लावायला उठाल,’ असं मी एका लातूरच्या पाहुण्याला सांगितलं, तर तो पुढच्या वर्षी खरोखर पंख्याचं दुकान कुठं आहे विचारत आला. बघा, हेही जरा वाढलंच.

पण दिवाळीच्या आधी महानंदा गेली, माझी बायको, आणि तेव्हापासून माझ्या छातीत काहीतरी बसलंय ते हलत नाही. गिरणीच्या जात्याएवढा दगड म्हणा. नको, जातं फिरतं तरी. हा फिरतही नाही. रडू येत नाही, झोप लागत नाही. भेटायला आलेल्या लोकांना मी इतके किस्से सांगितले की तेराव्याला मंडळी पोट धरून हसत घरी गेली. शेवटी माझा मुलगा मल्लू पुण्याला परत निघताना पायरीवर थांबला आणि म्हणाला, “अप्पा, एकदा रडा की हो. तुमचं हसणं बघवत नाही.”

“रडायला काय,” मी म्हणालो, “मी रडलो तर उजनी धरणाचे दरवाजे उघडावे लागतील.”

तो हसला नाही. गाडीत बसून गेला.

याच कट्ट्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, महानंदेला एक शांतता मिळाली होती. ती घेऊन ती पुढं कितीतरी वर्षं जगली. मला तिच्यातली थोडी हवीय. गिऱ्हाइकाला कापडाचा तुकडा हातात देतात ना, अंगठ्यानं चोळून बघायला, तेवढी दिली तरी चालेल. तेच मागायला आलोय. वाईट एवढंच की देवाचं आणि माझं नातं जन्मभर समोरासमोरच्या दोन दुकानदारांसारखं. सकाळी शटर उघडताना नमस्कार व्हायचा, देणंघेणं कधी झालं नाही. त्याच्याकडचा माल घरात यायचा तो सगळा महानंदेच्या हातून.

थंडी आहे. तळ्यावर धुकं नाही, पण पाण्याला एक ओला दगडी वास आहे, शेवाळाचा, भिजलेल्या निर्माल्याचा. माशांना कणकेच्या गोळ्या टाकणारी एक बाई खाली पायरीवर बसलीय. पलीकडून गड्ड्याचं मैदान जागं होतंय. पाळण्याच्या लोखंडी सांध्यांची करकर, कुणीतरी माइक तपासतोय, हॅलो हॅलो. कालच्या तेलाचा, भज्यांचा, शिळ्या पाकाचा वास. डोळे मिटले की हा वास मला कॉलर धरून मागं ओढत नेतो.

त्या काळी गड्डा म्हणजे काय होता! पाळणा इतका उंच की वर गेलेलं पोरगं खाली येईपर्यंत त्याला मिसरूड फुटलेलं असायचं. जिलेबीवाल्याची कढई एवढी की त्यात तळायला नाही तर पोहायला उतरावं. फोटोच्या तंबूत पुठ्ठ्याचं विमान असायचं. त्याच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं की आपण परदेशी निघालो असा फोटो, फक्त खाली विमानाच्या पोटातून आपल्या चपला दिसायच्या. पत्र्याच्या शिट्ट्या, कागदी भिंगऱ्या, दाबलं की जीभ बाहेर काढणारा रबरी वाघ. धुळीनं नाक भरायचं, आणि त्या धुळीतही शेंगाच्या चटणीचा लसणी वास वेगळा ओळखू यायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या जानेवारीत मी महानंदेला घेऊन इथं आलो. ती अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी. मराठी बोलायची ती पायरी तपासून उतरावं तशी. मी तिला गड्डा दाखवायला आणलेली, आणि ती मला अक्षतांना घेऊन आली. हिरवं काठाचं लुगडं, डोक्यावर पदर. लांबून मानाच्या काठ्या येताना दिसल्या. ताडासारख्या उंच, बाशिंग बांधलेल्या, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी तोल सांभाळत आणलेल्या. माझ्यासारखा बोलका माणूससुद्धा ते बघून क्षणभर गप्प होतो. क्षणभरच.

“नवरा कुठला यातला?” मी विचारलं.

मग तिनं सांगितलं. मी सोलापूरचा असून मला ते तिच्याकडून नीट कळलं. एक कुंभाराची मुलगी रोज योग्याच्या अंगणात सडा-रांगोळी करायची. तिनं मनात धरलं, लग्न करीन तर याच्याशीच. तो योगी, संसाराचा नाही. मग त्यानं आपला योगदंड पुढं केला, याच्याशी कर. आणि तिनं केलं. दर वर्षी सोलापूर ते लग्न पुन्हा लावतं.

“काठीशी लग्न,” मी म्हणालो. “सासू नाही, नणंद नाही. हुशार निघाली पोरगी.”

“सुम्मनिर्री,” ती म्हणाली. गप्प बसा, असं. आणि मग पदराआड हसून, “मला बी काठीच मिळाली असती तर बरं झालं असतं. काठी बोलत तर न्हाई.”

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी एवढ्या पटकन गार केलं नव्हतं. मी तिच्यावर तिथं भाळलो, लग्न होऊन सात-आठ महिने झाल्यावर.

तेव्हा आमची खोली पूर्व भागात होती, एका अरुंद बोळात. दोन्ही बाजूंना यंत्रमागाच्या शेड. खट्टाक-खट्टाक, खट्टाक-खट्टाक, भिंतीला टेकलं तर दात वाजायचे. ताटातली भाजी आपोआप ढवळली जायची. बोळात सुताचा बारीक कापूस उडायचा आणि संध्याकाळी दाराच्या कडीवर, तुळशीवर, दुधाच्या पातेल्यावर पांढरी लव धरायची. शेजारच्या तेलुगू घरांतून चिंचेच्या साराचा वास यायचा, आमच्याकडून ज्वारीच्या भाकरीचा. ते सगळं मिळून एक घर वाटायचं. आता त्या शेडना कुलपं आहेत. परवा गेलो तर बोळ इतका शांत की मला माझीच चप्पल परकी वाटली.

त्या खोलीत चिन्नी आली. आमची पहिली मुलगी. नाव पाळण्यातलं वेगळं होतं, पण महानंदा तिला चिन्नी म्हणायची, तिच्या भाषेतलं सोन्याचं नाव. दुकानात आलेल्या गठ्ठ्यांमधून मी तिच्यासाठी अशी मऊ चादर शोधून काढली की तसली पुढं कधी आलीच नाही. घरभर वेखंडाचा, शेपूच्या धुरीचा, तिळाच्या तेलाचा वास. पोरीची टाळू गरम असायची, ताज्या भाकरीसारखी.

आणि तिला झोप लागायची ती मागाच्या आवाजानं. हे खरं आहे, यात हातभरही वाढवलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी माग बंद पडले की ती डोळे टक्क उघडून आक्रोश करायची. मग मी तिला खांद्यावर घेऊन बोळात फेऱ्या मारायचो आणि तोंडानं माग चालवायचो. खट्टाक-खट्टाक, खट्टाक-खट्टाक. शेजारची म्हातारी दारातून ओरडायची, “ओ चादरवाले, आज सुट्टी आहे, तुमचा माग बंद करा की!” महानंदा उंबऱ्यात बसून हसून हसून डोळे पुसायची. माझ्या घशाला कोरड पडेपर्यंत मी अख्खी शिफ्ट करायचो.

चिन्नीला दात आले नाहीत. तेवढं आयुष्य नव्हतं तिला.

त्या दिवशीही बोळातले माग चालूच होते.

त्यावर मला जास्त सांगता येत नाही. मी, जो एका चादरीवर तासभर बोलू शकतो. लोक आले, गेले. मी दुकानात जाऊ लागलो, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात विकू लागलो. शेठ खूश. घरी महानंदा बोलायची थांबली. रुसून नाही, आवाजच आत गेला तिचा. देवळीतल्या देवांना तिनं पाठ केली. दिवा नाही, फूल नाही. धुवून ठेवलेली ती मऊ चादर पेटीत तळाशी गेली. मी किस्से सांगायचो, ती माझ्याकडं बघायची, म्हणजे माझ्या मागच्या भिंतीकडं.

त्या जानेवारीत तिची आई, आमची अव्वा, एसटीनं आली. डोक्यावर कडक भाकरीचं गाठोडं, अंगावर इरकल. आल्या आल्या तिनं देवळीवरची धूळ बोटानं बघितली आणि लेकीजवळ बसली.

“देवावर चिडलीस व्हय?”

महानंदेनं देवळीकडं पुन्हा पाठ फिरवली.

“मग चीड की. पर घरात बसून चिडल्यावर त्याला काय कळतंय? त्याच्या दारात जाऊन चीड. चल, ऊठ. तांदूळ घे.”

आम्ही तिघं या कट्ट्यासमोर उभे राहिलो. लग्नाच्या संमतीचा घोष झाला, लाखभर हात वर गेले, पांढऱ्या-पिवळ्या दाण्यांनी ऊन झाकलं. महानंदेनं तांदूळ उडवले नाहीत, मारले. दगड मारावेत तसे, दात आवळून, काठ्यांच्या दिशेनं. अव्वा शेजारून म्हणाली, “आणखी मार.” आणि स्वतःच्या ओंजळीतले तिच्या हातात ओतले.

परतताना गड्ड्यात कासाराच्या पाटीपाशी महानंदा थांबली. तिनं तान्ह्या पोराच्या मनगटाच्या काळ्या बांगड्या घेतल्या. मी बघतच राहिलो. थोडं पुढं एका बाईच्या कडेवर तेवढीच पोर होती, नाकाला शेंबूड, हातात जिलेबीचा तुकडा. महानंदेनं तिच्या चिकट हातात बांगड्या सरकवल्या. ती बाई दचकली. महानंदा म्हणाली, “असू द्या की.” किती महिन्यांनी आवाज ऐकला होता मी! खरखरीत, गंज चढलेला. त्या संध्याकाळी तिनं स्टोव्हला पंप मारला, रॉकेलचा वास घरभर झाला आणि पिठलं शिजलं. मी ते इतकं खाल्लं की अव्वा म्हणाली, “जावईबापू, पातेलं तरी ठेवा.”

मग हे दर वर्षी. जत्रा, अक्षता, बांगड्या, आणि गर्दीतल्या कुठल्यातरी पोरीचा हात. मल्लू झाला, चालू लागला, पुठ्ठ्याच्या विमानात बसून दोनदा परदेशी जाऊन आला. आम्ही बोळ सोडून जरा मोठ्या घरात गेलो. बांगड्या चालू. मी चेष्टा करायचो. म्हणायचो, आमची ही कासारांची मानाची सून, ही आली नाही तर त्यांची दिवाळी होत नाही. कासारही हसायचा, “या वहिनी, यंदा कुठलं माप?”

माप! उभं आयुष्य मी गिऱ्हाइकाकडं बघून सांगायचो, तुम्हाला दुहेरी लागेल, तुम्हाला एकेरी पुरेल. आणि माझ्याच घरातलं माप माझ्या ध्यानात यायला वर्षं गेली. काळ्या मनगट्या, मग बारक्या लाल, मग खड्यांच्या, मग शाळकरी पोरींच्या रंगीत काचेच्या. कुठलं माप कुठल्या वर्षी घ्यायचं, हे ती कधी विसरली नाही. एका जत्रेत तिनं पाटीतून बांगडी उचलली, आपल्या चार बोटांवर चढवून अंदाज घेतला, आणि म्हणाली, “न्हाई, आता याच्यात हात जायचा न्हाई.” मला एकदम दिसलं ते. कुणाचा हात जायचा नाही ते. मी तिथून उठून जिलेबीवाल्याशी भांडायला गेलो. भांडण कशावरून होतं ते त्यालाही कळलं नाही.

आणि मग ती भोगी.

सकाळी उठलो तर घरात वास नाही. भोगीला वास नसलेलं घर म्हणजे चाकं काढलेली सायकल! गाजर, वांगी, वाल, हरभऱ्याचे ओले दाणे, बोरं, तिळाचं कूट, अशी भाजी रटरटायला हवी. बाजरीच्या भाकरीवर तीळ उडायला हवेत. चूल थंड. मी फडताळ उघडलं, डबे वाजवले. लाडवाचा डबा रिकामा, चिवड्याचा गायब. बिस्किटाचा पुडा तर तिनं असा लपवला होता की पोलिसांना सापडला नसता.

“महानंदा, अगं, न खाई भोगी तो सदा रोगी! म्हण ऐकलीयस का नाही?”

“ऐकलीय.”

“मग?”

“मग काय, चला. उशीर हुतोय.”

ती न्हालेली, लग्नातली साडी नेसलेली. कापराचा वास त्या साडीला, घड्या पडलेली जरी. मला वाटलं नवस असेल. मी उपाशी पोटी निघालो. वाटेत नवी पेठेपर्यंत सोलापूरच्या एकूणएक घरातून मला बाजरीच्या भाकरीनं हाका मारल्या. इथं येईपर्यंत पोटात एवढे कावळे ओरडत होते की शेजारच्या माणसानं वर बघितलं. मी सारखा बोलत होतो. ती उलट उत्तरही देत नव्हती. तिच्या हातातल्या पिशवीत काहीतरी काचेचं किणकिणत होतं.

काठ्या आल्या. हलगी, संबळ, सनई. घोष झाला आणि तिनं पहिली ओंजळ उधळली. या वेळी मारली नाही. फार हलक्या हातानं, नवरीच्या केसांत दाणे अडकून राहतील, टोचणार नाहीत अशी. ती रडत होती, उघड, पदर न लावता. आणि चेहऱ्यावर मात्र गडबड होती, लग्नघरातल्या बाईची असते तशी, आनंदाची गडबड. शेवटच्या घोषाला तिनं ओंजळ माझ्यापुढं धरली. मीही उडवल्या त्यातल्या चार. भुकेल्या माणसानं उडवाव्यात तशा.

गर्दी पातळ झाल्यावर तिनं पिशवीतून हिरवा चुडा काढला. अख्खा चुडा, नवरीचा. शेजारी आईबरोबर आलेली एक लग्नाच्या वयाची मुलगी होती, वेणीत शेवंती. महानंदेनं तिचा हात मागितला आणि एकेक बांगडी भरली. त्या मुलीनं का म्हणून विचारलं नाही. भरून झाल्यावर तिनं वाकून महानंदेच्या पायाला हात लावला, बस.

मग महानंदेनं कमरेची पुडी सोडली. गूळ-शेंगदाणे. आधी माझ्या तळहातावर ठेवले.

“घ्या. आता खायला हरकत न्हाई.”

“एवढा वेळ का होती?”

“लगीन लागेस्तोवर आईबापानं खायचं नसतंय.”

मी गूळ तोंडात टाकला होता. तो विरघळायलाच तयार होईना. पाणी, कट्टा, काठ्या, सगळं थांबल्यासारखं. माझ्या छातीतून काहीतरी वर यायला लागलं, आणि मी, जन्माचा विक्रेता, ते येण्याआधीच पटकन म्हणालो, “जावई बरा मिळाला. हुंडा नाही, मानपान नाही.”

ती हसली. खळखळून, ओल्या डोळ्यांनी. “व्हय. अन् सोलापुरातलाच. उठलं की जाऊन भेटता येतंय.”

त्या दिवसानंतर तिनं बांगड्या घेतल्या नाहीत. पेटीतली चादर काढून उन्हात घातली आणि मल्लूच्या अंथरुणावर टाकली. रात्री पाठ टेकली की तिचा श्वास लगेच संथ व्हायचा. मी मत्सरानं बघत पडायचो. संध्याकाळी ती दारात नुसती बसायची, हातात काम नसताना, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी असायचं की रस्त्यावरची भांडणंसुद्धा आमच्या दारापुरती आवाज कमी करायची. एकदा मी विचारलंच.

“देवाला माफ केलंस तू?”

“माफ करायला मी कोण? आदी भांडले. लई भांडले. तो ऐकत राहिला. मग एक दिवस कळलं, एवढं ऐकून घेतंय म्हंजे घर चांगलं हाय. दिली पोर त्याच्या घरात.” आणि जरा थांबून, “तुमी बी भांडा की एकदा. सारखं हसवताव त्याला.”

मी तिलाही हसवलं. शेवटच्या आजारपणातही हसवत राहिलो. ती हसत असतानाच गेली असं मी सगळ्यांना सांगतो. तशी ती गेली नाही. ती झोपेत गेली, भिंतीकडं तोंड करून, आणि मी खुर्चीत बसून तिला एक किस्सा सांगत होतो.

ऊन आता पाठीवर आलंय. आजूबाजूला माणसं भरलीत, पांढरीच पांढरी. उसाचा रस, कापूर, घाम, झेंडू. माझ्या एका बाजूला कुंभारी गावाहून आलेली एक म्हातारी टेकलीय, तिच्यामागं तिची सून, सुनेच्या डोक्यावर पिशवी.

“एकलेच आलाव व्हय बाबा?” म्हातारीनं मघाशी विचारलं.

तोंडावर आलं होतं की एकटा कसला, अख्खी वरात मागून येतीय, हत्तीवरून. निम्मं वाक्य जुळवलंही होतं. पण जीभ हलली नाही.

“एकटाच,” मी म्हणालो. “बायको असायची बरोबर. दिवाळीच्या आधी गेली.”

म्हातारीनं “शिवशिव” म्हटलं आणि मला टेकायला जरा जागा करून दिली. पुढं काही विचारलं नाही. मलाही सांगावंसं वाटलं नाही. जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी एवढ्यावर संपवली.

लांबून हलगी ऐकू आली. लोक उभे राहिले. काठ्या येताहेत, हळूहळू, आभाळाला रेघ मारत. एक जरा कलली, गर्दीनं श्वास धरला, पेलणाऱ्यानं पाय रोवले, ती सरळ झाली. मी रुमालाची गाठ सोडली. घोष झाला. हात वर गेले. माझा गेला नाही. मूठ आवळली ती आवळलीच. दुसरा घोष झाला, भोवती दाण्यांचा पाऊस, आणि मी मनात म्हणालो, बरं, देवा. हसवणं बंद. माझी मुलगी नेलीस. मी बोळात फेऱ्या मारून घसा कोरडा केला तरी नेलीस. मी काही म्हणालो नाही. मग तिला नेलंस, जी माझ्या वाटचंसुद्धा तुझ्याशी बोलायची. आता मी कुणाच्या तोंडून बोलू तुझ्याशी? सांग. सांग की!

शेवटचं मनात राहिलं नाही. ते मोठ्यांदा निघालं. नवी पेठेत चार दुकानं पलीकडं ऐकू जाणारा आवाज तो. दोन-तीन डोकी वळली.

पुढचा घोष झाला तेव्हा मूठ उघडली. दाणे फारसे उडालेच नाहीत, घामानं ओले होऊन तळव्याला चिकटले होते. मी हात झटकला, पुन्हा झटकला, आणि छातीतला तो दगड कुठूनतरी फुटला. किती रडलो ते वाढवून सांगायची सोय नाही. नाकातोंडातून पाणी, आवाज फाटलेला. कट्ट्यापुढच्या धुळीत मी गुडघ्यावर बसलो. कुणीतरी माझ्या खांद्याला धरलं, कुणी म्हणालं वारा येऊ द्या. सुनेनं पिशवी खाली ठेवली.

“आत्या, ह्या बाबास्नी काय झालं वो? कुनाला तरी बोलवावं का?”

म्हातारी अक्षता टाकत होती. तिनं हातसुद्धा थांबवला नाही.

“कशाला? कायबी न्हाय झालं. लग्नात रडतंयच की मानूस.” मग माझ्याकडं एकदा नीट बघून, सुनेला समजावत, “पोरीकडचा हाय त्यो. रडू दे.”

मग मी आवरलं नाही.